आधी ‘प्रति’ लिही

पोरी,

तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. दोन पानं भरली आहेस, भाषा चांगली आहे, आणि ‘शेजारी राष्ट्रांनी हस्तक्षेप करून सुदानी नागरिकांना वाचवावं’ ही मागणी ठळक अक्षरांत आहे. फक्त कोणत्या शेजाऱ्यानं, ते कुठेही नाही. माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. ज्या अर्जात ‘प्रति’च्या पुढची जागा कोरी असते त्यालाही नंबर पडतो, शिक्का बसतो, आणि तो फाइलला लागतो. उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच येत नाही. तुझा मसुदा तसा झालाय.

सोबतच्या चिठ्ठीत मात्र तू मोकळं लिहिलंस. वर्गातला सुदानी मित्र म्हणतो, कुणीही या पण या. अभ्यासगटातले म्हणतात, परक्या फौजा बोलावणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. घरचे म्हणतात, परीक्षा तोंडावर आलीय. आणि तू मला विचारतेस, हस्तक्षेप मागणं बरोबर की चूक? अगं, कुणाचा हस्तक्षेप? कशासाठी, किती दिवस, कुणाच्या हुकमाखाली? हे ठरल्याशिवाय बरोबर-चूक मी काय सांगू? आधी ‘प्रति’ लिही.

पश्चिम सुदानच्या दारफूर भागातल्या अल फाशरचंच घे, मित्राचं गाव म्हणतेस म्हणून. मे 2024 पासून तिथे वेढा. जून 2024 मध्ये सुरक्षा परिषदेनं 2736 क्रमांकाचा ठराव केला की आरएसएफ या निमलष्करी दलानं वेढा उठवावा. म्हणजे सांगितलं कुणाला, तर ज्यानं वेढा घातलाय त्यालाच! त्यानं नाही ऐकलं तर कोण जाणार, याचा त्यात पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी शहराभोवती मातीचा बांध उभा राहिला, आतला माणूस बाहेर पडू नये म्हणून. आत लोक अंबाझ खात होते. अंबाझ म्हणजे तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड, आपण गोठ्यात घालतो ती. मग तीही मिळेना. 26 ऑक्टोबर 2025 ला शहर पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात 460हून अधिक रुग्ण आणि त्यांच्याजवळची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. ठराव आहेच अजून, कागदावर.

आता तुझे ‘शेजारी’. युद्ध सुदानी लष्कर आणि आरएसएफ यांच्यात. इजिप्त लष्कराच्या, म्हणजे जनरल बुऱ्हान यांच्या बाजूला. आरएसएफचा प्रमुख हेमेदती, त्याला संयुक्त अरब अमिरात शस्त्रं पुरवते असे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपासून अनेकांनी केले. अमिरात ते नाकारते. ती शस्त्रं ज्या वाटेनं जातात असं म्हणतात, ती चाडमधून. त्याच चाडनं लाखो सुदानी निर्वासित पोटाशी धरलेत, हेही खरं. कुंपणच शेत खातंय, आणि तू कुंपणाला राखणीचं निमंत्रण देतेस! नावं न घेता ‘शेजारी राष्ट्रांनी यावं’ म्हटलं की यातला कुणीही छातीवर हात ठेवून ‘आलोच’ म्हणू शकतो.

बरं, प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. युद्ध पेटलं 15 एप्रिल 2023 ला. त्याच जुलैत इगाद या पूर्व आफ्रिकी संघटनेच्या चार देशांनी अदिस अबाबात बसून सुचवलं की पूर्व आफ्रिकेची राखीव फौज नागरिकांच्या रक्षणासाठी पाठवता येईल का ते पाहावं. या गटाचं नेतृत्व करणारे केनियाचे अध्यक्ष रुटो पक्षपाती आहेत म्हणून बुऱ्हान यांच्या सरकारनं पाठ फिरवली, आणि जानेवारी 2024 मध्ये इगादचं सदस्यत्वच गोठवलं. सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळानं निष्पक्ष संरक्षक दल मागितलं. ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस म्हणाले, त्यासाठी परिस्थिती अनुकूल नाही. नोव्हेंबरात लढाई थांबवून नागरिकांचं रक्षण करा म्हणणाऱ्या ठरावावर रशियानं नकाराधिकार वापरला. यातल्या प्रत्येकाकडे एक दार आहे आणि दारावर नाव आहे. तुझ्या मसुद्यात एकही का नाही?

आफ्रिकी संघाच्या तर घटनेतच लिहिलंय. युद्धगुन्हे, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य देशात हस्तक्षेप करायचा हक्क संघाला आहे. हे कलम 2000 मध्ये आलं. 2015 च्या डिसेंबरात बुरुंडीत 5,000 सैनिक पाठवायचं त्यांच्या शांतता व सुरक्षा परिषदेनं ठरवलं, बुरुंडीनं दरडावलं, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रप्रमुखांनी माघार घेतली. त्या परिषदेला लिही. ‘हे कलम सुदानला लावायचं की नाही, हो किंवा नाही मतदानानं सांगा’ एवढंच विचार. नाही म्हणाले तर कोण नाही म्हणालं ते तरी कळेल.

अभ्यासगटाचं म्हणशील तर त्यांचं निम्मं बरोबर आहे. 1990 मध्ये नायजेरियाच्या पुढाकारानं लायबेरियात गेलेल्या फौजेनं मनरोव्हियात माणसं वाचवली आणि लूटही केली. आपली शांतिसेना 1987 ला श्रीलंकेत गेली. ऑक्टोबरात जाफनाच्या रुग्णालयात काय झालं ते वाच. आणि 1990 ला ती परत आली तेव्हा हजाराहून अधिक जवान गमावून आली होती. पण यातून ‘कुणीच जाऊ नये’ असं जे काढतात ना, त्यांच्याशी माझं जमत नाही. कधीच जमलं नाही.

2009 चं सांगते. श्रीलंकेत मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीवर लाखो तमिळ माणसं तमिळ वाघ (एलटीटीई) आणि लष्कर यांच्यामध्ये अडकली होती. सरकारनंच जाहीर केलेल्या ‘गोळीबारमुक्त’ पट्ट्यांत तोफा पडत होत्या. इथे पुण्यात आमच्या समितीनं निवेदन काढलं, ‘सर्व संबंधितांस’. मी म्हणाले, सर्व संबंधित म्हणजे कोण? दिल्लीला लिहा. कोलंबोवर ज्याचं वजन पडेल असा शेजारी एकच आहे, आणि तो आपण. समुद्रमार्गे माणसं बाहेर काढायला जहाजं मागा, तारीख मागा. उत्तर आलं, शांतिसेनेचा अनुभव विसरलीस का? निवेदन तसंच गेलं. मे महिन्यात सगळं संपलं. नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा 40,000 पर्यंत असू शकतो असं नंतर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं म्हटलं. त्याच मे महिन्यात जिनिव्हात श्रीलंकेनं स्वतःच मांडलेल्या ठरावाला भारतानं पाठिंबा दिला. मी समिती सोडली. जिच्याबरोबर इतकी वर्षं पत्रकं वाटली ती मैत्रीण त्यानंतर माझ्याशी बोलली नाही, आणि आता बोलायला ती राहिलीही नाही. लोक म्हणतात, एका ओळीसाठी एवढं ताणायला नको होतं. ताणलं, आणि आजही ताणेन. दिल्लीनं ऐकलंच असतं असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. दिल्लीला नाही म्हणावं लागलं असतं, आणि तो नकार आपल्या हातात राहिला असता. असो. माझी तार लागली की थांबत नाही, तू जाणतेस.

तर दिल्ली. एप्रिल-मे 2023 मध्ये ऑपरेशन कावेरीत आपल्या सरकारनं पोर्ट सुदान आणि जेद्दाहमार्गे 3,800हून अधिक भारतीय बाहेर काढले. म्हणजे वाट सापडते, जहाजं मिळतात, दोन्ही बाजूंशी बोलणंही होतं. अमिरातीशी तर आपलं गूळपीठ आहे. 2022 च्या करारात तिथून येणाऱ्या सोन्यावरच्या शुल्कात सवलतही आहे. सुदानचं बरंचसं सोनं दुबईला जातं, आणि त्याच सोन्यावर दोन्ही बाजूंचं युद्ध चालतं. हे लक्ष्मी रोडच्या सराफांना विचारायला तुला कुणी अडवलंय? परराष्ट्र मंत्रालयाला लिही, आपल्या खासदाराला लिही, की अबू धाबीशी हा विषय काढा. आणि सुरक्षा परिषदेला लिही की 2004 पासूनची शस्त्रबंदी फक्त दारफूरपुरती आहे, ती सगळ्या सुदानला लावा. प्रत्येकाला वेगळं पत्र. एकाच कागदावर सगळ्यांची नावं कोंबलीस की पुन्हा ‘सर्व संबंधित’च.

घरच्यांना ‘आपल्याला काय त्याचं’ वाटत असेल तर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा घुमट दाखव. ती इमारत सुदान ब्लॉक. महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी सुदाननं 1 लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर आपल्या वाट्याला 70 हजार आले. तेव्हा राज्य इंग्रजांचं, म्हणजे पैसा शेवटी तिथल्या रयतेचाच. मसुद्यात मात्र हे घालू नकोस. कृतज्ञतेची भाषा आली की मागणी मिळमिळीत होते.

फौजेचं कलम नव्यानं लिही. इजिप्त, चाड आणि अमिरातीचे सैनिक नकोत, हे स्पष्ट म्हण. काम एवढंच माग: अल फाशरहून तवीला गावाकडे पळालेल्या लोकांची वाट आणि धान्याच्या गाड्या यांचं संरक्षण. सत्तेत कोण बसावं याच्याशी त्या फौजेचा संबंध नको. मुदत घाल. अभ्यासगटाला यावर भांडू दे. निदान समोर काहीतरी असेल.

शनिवारी दुपारी ये, चारनंतर मला दवाखान्यात जायचंय. मित्रालाही आण. तिथे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत पोरापोरींनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आहेत, त्यांना पैसे नेमके कसे पोचतात ते त्याच्याकडून समजून घ्यायचंय. सह्यांचा कागद मात्र अजून कुणापुढे धरू नकोस, माझ्याही नाही.

तुझी,
मावशी