पैसे देऊन घेतलेला सिंगल प्लेयर गेम नेट नसताना का चालत नाही?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. गावी लाइट गेली, तिच्यासोबत वायफाय गेलं, लॅपटॉपला चार्जिंग होतं तरी साडेतीन हजारांचा गेम ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणून बंद झाला. मग एकट्याने खेळायच्या गेमला नेट खरंच लागतं का, कंपनी आपल्याला फसवते आहे का, आणि असंच चालणार असेल तर क्रॅक कॉपी, म्हणजे संरक्षण तोडून फुकट वाटलेली प्रत, का वापरू नये?

पहिल्याचं उत्तर: बहुतेक वेळा लागत नाही. साठ-सत्तर जीबी उतरवल्यावर सगळा नकाशा, पात्रं, आवाज तुमच्याच एसएसडीवर आलेले असतात. चित्र तुमचं ग्राफिक्स कार्ड काढतं, शत्रू कुठून येणार हे तुमचा प्रोसेसर ठरवतो. नेटवरून येते ती परवानगी. लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा दुकानाचा प्रोग्रॅम, विचारतो की हा गेम तुमच्या खात्यावर आहे का. डेनुव्होसारखं कॉपी-संरक्षण लावलेलं असेल तर ते या कॉम्प्युटरवर चालवायची मुभा तपासतं. त्यावर गेम बनवणाऱ्या कंपनीचं वेगळं लॉगिन असतं ते वेगळंच. तिघांपैकी एकजण जरी नाही म्हणाला तरी गेम उघडत नाही. या परवानगीची नोंद कॉम्प्युटरवर साठवलेली असते, त्यामुळे एरवी नेट नसतानाही गेम चालून जातो. पण मध्येच गेमचं अपडेट येतं किंवा नोंदीची मुदत संपते आणि नेमकं गावी गेल्यावर अडतं.

आता काही कंपन्या सांगतात की आमच्या गेमचं अर्धं काम सर्व्हरवरच होतं. याची परीक्षा एकदा जगासमोर झालेली आहे. मार्च २०१३ मध्ये ईए या मोठ्या गेम कंपनीचा नवा सिमसिटी आला. शहर वसवायचा, निवांत एकट्याने खेळायचा गेम, पण सतत नेट लागणारा. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोसळले, पैसे मोजलेले लोक आत शिरण्यासाठी रांगेत ताटकळत बसले, आणि शेवटी कंपनीला भरपाई म्हणून आणखी एक गेम फुकट द्यावा लागला. तेव्हा सांगितलं गेलं की बरीचशी गणितं आमच्या सर्व्हरवर होतात, नेटशिवाय चालवायचं तर गेम मुळातून बदलावा लागेल. काही दिवसांतच एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतः फेरफार करणाऱ्या एका खेळाडूने, नेट तोडूनही शहर चालत राहतं हे दाखवून दिलं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच अधिकृत ऑफलाइन मोड दिला. त्यासाठी त्यांच्या इंजिनियर लोकांनी मेहनत घेतली हे मी मान्य करतो. पण ती मेहनत सुरुवातीलाच करता आली असती, आणि तसं करायचं नाही हे कुणीतरी बसून ठरवलं होतं.

त्याच्या पुढची पायरी जास्त वाईट आहे. यूबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका लहान करून त्यात बसवली होती. न्यूयॉर्कहून निघून गाडी थेट लॉस एंजेलिसला नेता यायची, पाऊण तासाच्या आसपास लागायचा. वाटेत वाळवंट, बर्फाचे घाट, मोठी शहरं, आणि कुठेही लोडिंगसाठी थांबणं नाही. गोष्ट एकट्याने पुरी करता येत असे, पण सर्व्हरशी जोडलेलं असल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांवरून परवानाही काढून घेतला गेला. ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचीही तीच गत.

कंपनीने सर्व्हरचा खर्च आणि गाड्यांच्या परवान्यांची कारणं दिली. परवान्याचं कारण मला अजिबात पटत नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ३’ हाही खऱ्या गाड्यांचाच गेम. परवाने संपल्यावर २०२० मध्ये त्याची विक्री बंद झाली, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा गेम चालूच राहिला. विकणं थांबवणं वेगळं आणि विकलेलं परत नेणं वेगळं.

मल्टिप्लेयरला तरी कंपनीचा सर्व्हर लागणारच ना, असं पुष्कळजण म्हणतात. ज्यांनी इंजिनियरिंगच्या होस्टेलवर दिवस काढलेत त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. एका खोलीत स्विच ठेवायचा, खिडकीतून लॅनच्या वायरी खालच्या मजल्यापर्यंत सोडायच्या, आणि रात्रभर काउंटर-स्ट्राइक १.६ नाहीतर एज ऑफ एम्पायर्स. कुणाकडेही नेट नसायचं. सर्व्हरचं काम त्यातल्याच एखाद्याचा कॉम्प्युटर करायचा, कारण ती सोय गेमसोबतच दिलेली होती. म्हणून ते गेम आजही चालतात. अलीकडचंही उदाहरण आहे: ‘नॉकआउट सिटी’ बनवणाऱ्यांनी जून २०२३ मध्ये आपले सर्व्हर बंद करताना लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. छोट्या स्टुडिओला जमलं. मोठ्यांना जमत नाही असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे फसवणुकीकडे येतो. कायद्याच्या भाषेत ती फसवणूक नाही, कारण आपण न वाचता ‘मान्य आहे’ म्हणतो त्या करारात लिहिलेलं असतं की तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता आणि तो परत घेता येतो. पण बटणावर मात्र ‘खरेदी करा’ असंच असतं. कॅलिफोर्नियाने याविरुद्ध कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दुकानदाराला हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. पुढच्या वेळी बघा, तुम्हालाही दिसेल.

‘द क्रू’ बंद पडल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी अगदी साधी आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम चालत राहील अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनपुढच्या त्यांच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आणि दबावाने फरक पडतो, हे ‘द क्रू’च्याच पुढच्या भागात दिसलं: यूबीसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड द्यायचं कबूल केलं आणि पुढच्या वर्षी दिलाही. जे अशक्य म्हणून सांगितलं जातं ते ओरड झाली की शक्य होतं, याचा मला आनंदही होतो आणि रागही येतो.

राग यासाठी की हे आता गेमपुरतं राहिलेलं नाही. माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत, दाखले आणि मार्कशीट घेऊन पोरं दारात उभी असताना, त्याच्या प्रिंटरने स्कॅन करायला नकार दिला. काच तीच, आतला दिवा तोच, यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडलेली. पण कंपनीच्या अ‍ॅपला अपडेटनंतर लॉगिन हवं होतं, आणि ओटीपी जात होता मशीन बसवून दिलेल्या माणसाच्या जुन्या नंबरवर. दोन हातांच्या अंतरावरच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायला ओटीपी लागावा, हे मला मान्यच होत नाही. शेवटी आम्ही ते अ‍ॅप काढून टाकलं आणि ‘नॅप्स२’ नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. ते लॉगिन मागत नाही, फक्त स्कॅन करतं. अशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

क्रॅक कॉपीबद्दल: वापरू नका. चार-पाच हजारांना एक गेम आपल्या पगारात जड जातो, हे मला समजतं. पण ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणणारी फाइल तुम्ही त्याच लॅपटॉपवर चालवणार आहात ज्यावर तुमचं नेट बँकिंग आहे. आणि मार फक्त बड्या कंपन्यांना बसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला. किकस्टार्टर या लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या साइटवर ठरवलेली रक्कम जमली नव्हती तरी नेटाने पुरा करून २०२० मध्ये आणला. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीतली चित्रं, आपल्या पुराणातले असुर. असा गेम सेल लागल्यावर घ्या, पण पैसे देऊन घ्या.

आणि घेताना कुठून घेता ते बघा. जीओजी या दुकानात गेम कॉपी-संरक्षणाशिवाय मिळतात. इन्स्टॉलरची फाइल उतरवून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवली की काम झालं, पुढे दुकान राहो न राहो. जे पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटतात ते मी तिथूनच घेतो. स्टीमवर घेत असाल तर गेमच्या पानावर उजव्या बाजूला डेनुव्हो किंवा दुसऱ्या कंपनीच्या खात्याचा उल्लेख आहे का ते वाचा. तुमचा आत्ताचा गेम गावी न्यायच्या आदल्या दिवशी नेट असताना एकदा उघडा, अपडेट पूर्ण होऊ द्या, मग लाँचर ऑफलाइन मोडमध्ये टाका. कंपनीचं वेगळं लॉगिन आडवं आलं नाही तर तेवढ्याने भागेल.

नवीन गेमसाठी मात्र स्टीमच्या परताव्याचा नियम वापरा. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांतली पहिली दहा मिनिटं राउटर बंद करून गेम सुरू करून बघण्यात घालवा. उघडला नाही तर लगेच परत करा, आणि कारण लिहायच्या रकान्यात ‘नेटशिवाय चालत नाही’ असं लिहा.