बाप गनमन आहे, पोरालाही त्याच ब्रँचला लावू का?

‘आमचे हे मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षं झाली, बेळगावात एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या कंपनीच्या गाडीवर गनमन आहेत. मोठा मुलगा यंदा बी.कॉम. झाला. बँकेच्या परीक्षेत एकदा थोडक्यात गेला. आता ह्यांच्याच ब्रँचला कस्टोडियनची, म्हणजे मशीनमध्ये नोटा भरणाऱ्याची, जागा निघाली आहे, हातात पंधरा हजार येतील म्हणतात. मुलगा तयार आहे. हे म्हणतात, “नोटा बँकेच्या, जीव आपला. एका घरातून एक पुरे.” बिदर आणि बेंगळूरच्या लुटीच्या बातम्या बघितल्यापासून माझी झोप उडाली आहे. फोनवरून पैसे जायला लागले, आता ही कामं बंदच पडणार, असंही लोक सांगतात. काय करू?’
– एक आई, बेळगाव तालुका

ताई,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. मुलाला जाऊ द्या. मात्र यजमानांच्या ब्रँचला नको, आणि गाडीवर दोन वर्षांच्या वर नको.

त्यांची ब्रँच नको म्हणतो ते कुलपामुळे. एटीएमची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येऊ नये, अशीच सगळी मांडणी असते. दोन कस्टोडियन, प्रत्येकाला अर्धाच नंबर ठाऊक. बऱ्याच मशीनना आता ओटीसी कुलूप असतं. त्याचा कोड कंट्रोल रूम त्या वेळेपुरता देते, आणि तिजोरी लावल्यावर कुलपावर जो नंबर येतो तो परत कळवायचा, तेव्हा काम संपलं. गनमननं नोटांना हात लावायचा नाही. थोडक्यात, एकमेकांवर नजर ठेवतील अशी माणसं एका गाडीत बसवलेली असतात. बाप-लेक एका ठिकाणी आले की ती नजर गेली. दोघांनी काही केलं नाही तरी हिशेबात फरक आला की पहिलं बोट त्यांच्याकडेच जाणार, आणि ऑडिटरचं त्यात काही चुकणार नाही. ब्रँचच्या साहेबांनी ‘घेतो की तुमच्या पोराला’ म्हटलं असेल ते प्रेमानंच म्हटलं असेल. तरी दुसऱ्या एजन्सीकडे अर्ज करू दे.

आता काम काय, ते बघू. लोकांना बंदूक दिसते म्हणून हे काम बंदुकीचं वाटतं. कस्टोडियनचं काम खरं तर कारकुनाचं आहे, फक्त उभ्यानं करायचं. सकाळी व्हॉल्टमधून, म्हणजे एजन्सीच्या रोकड ठेवायच्या खोलीतून, इंडेंटप्रमाणे (मागणीच्या कागदाप्रमाणे) रक्कम मोजून घ्यायची. पाचशेच्या शंभर नोटांचं पाकीट म्हणजे पन्नास हजार, अशा दहा पाकिटांचा बंडल म्हणजे पाच लाख. मशीनपाशी पोचल्यावर शटर अर्धं खाली, गनमन दाराकडे तोंड करून उभा, आणि आत दोघं घामाघूम. आधी मशीनच्या काउंटरची चिठ्ठी काढायची. मग कॅसेट ओढून उरलेल्या नोटा मोजायच्या, आणि रिजेक्ट बिनमध्ये दुमडून, चिकटून पडलेल्या असतात त्या वेगळ्या. चिठ्ठीवरचा आकडा, हातातला आकडा आणि बँकेच्या स्विचवरचा, म्हणजे एटीएमचे व्यवहार नोंदवणाऱ्या यंत्रणेतला, आकडा, तिन्ही जुळले की नव्या नोटा भरायच्या. शंभरच्या कॅसेटमध्ये चुकून पाचशेच्या गेल्या की मशीन शंभर मागणाऱ्याच्या हातात पाचशे ठेवतं, आणि ही बातमी गल्लीत पसरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाहेर गाडीचं इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पुढचं मशीन कोरडं पडलंय म्हणून वरून फोन येतोय. ती घाई उगाच नसते. महिन्यात एका एटीएममध्ये एकूण १० तासांहून जास्त वेळ पैसे नसले तर त्या एटीएममागे बँकेला १०,००० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. तो दंड बँक एजन्सीकडून वसूल करायला बघते आणि एजन्सी ती घाई कस्टोडियनच्या मानेवर टाकते.

त्या घाईत माझा एक जुना विद्यार्थी अडकला. चिकोडीकडचा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. जोडीदार म्हणाला, ‘रोज दोघांनी कशाला वाकायचं, तुझा नंबर मला देऊन ठेव, तू तोवर पुढच्या मशीनचे कागद भर.’ ह्यानं दिला. चार महिन्यांनी एका मशीनमध्ये दोन लाख कमी भरले. त्या दिवशी हा तिजोरीजवळ नव्हताच, गाडीत बसून कागद भरत होता. पण कागदावर सही होती, ‘मोजून बरोबर’ अशी. चौकशी सात महिने चालली. चोरी ह्यानं केली नाही हे शेवटी मान्य झालं, नोकरी मात्र गेली. वर माणसांच्या पडताळणीची माहिती एजन्सींनी एकत्र ठेवावी अशी रिझर्व्ह बँकेचीच अपेक्षा असते, त्यामुळे ह्या धंद्याचं दार त्याला कायमचं लागलं. आता तो उद्यमबागला एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो आणि एक-एक बोल्ट मोजून देतो. मुलाला हा किस्सा सांगा. दरोडेखोर आयुष्यात कधी भेटणारही नाही, ‘तुझा नंबर दे’ म्हणणारा पहिल्याच महिन्यात भेटेल.

शॉर्टेज, म्हणजे हिशेबातली तूट, पगारातून कापतात, हे यजमानांनी पाहिलं असेल. सोपवलेली रक्कम निष्काळजीपणामुळे गेली तर पगारातून कापायला कायद्यात वाव आहे, पण त्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणून कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर किंवा ‘होणारी प्रत्येक तूट मी भरीन’ असलं काही लिहून द्यायचं नाही. एजन्सीनं ते मागितलं तर त्या दिवशी घरी यायचं. नेमणूकपत्र हातात हवं. पीएफचा नंबर हवा. पगार २१,००० च्या आत असल्यानं ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होतं, त्याचं कार्डही हवं. आणि अपघाती विमा कितीचा, हे तोंडी नको, लिहून घ्या.

भीतीबद्दल. बिदरला जानेवारी २०२५ मध्ये भर दिवसा मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडून लाखोंची रोकड नेली, एक कर्मचारी ठार झाला. बेंगळुरात नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करून गाडी अडवली, ७.११ कोटी गेले. तिथं गोळी सुटली नाही. अटक झालेल्यांत एक पोलीस कॉन्स्टेबल होता आणि त्याच कंपनीतला एक जुना कर्मचारी. ह्या बातम्या खऱ्या आहेत, तुमची झोप उडाली ह्यात नवल नाही. म्हणूनच एजन्सी पारखून घ्या, आणि पारखायला तुमच्या घरातच माणूस आहे. केंद्रीय गृहमंत्रालयानं २०१८ साली ह्या गाड्यांसाठी नियम केले. गाडीत ड्रायव्हर, दोन कस्टोडियन आणि दोन सशस्त्र रक्षक. एक रक्षक पुढे, एक मागे. एका फेरीला पाच कोटींहून जास्त रक्कम नाही. शहरात रात्री नऊनंतर आणि खेड्यात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये भरणा नाही. चहा-जेवणालाही एक बंदूकवाला गाडीपाशी थांबलाच पाहिजे. मुलगा ज्या एजन्सीत जाईल तिची गाडी यजमानांनी बाहेरून दोनदा बघितली तरी त्यांना कळेल. एकच गनमन असेल, किंवा दोघंही टपरीवर भजी खात असतील, तर ती जागा सोडून द्या. पंधराऐवजी सतरा हजार देत असले तरी.

फोनवरून पैसे जायला लागले हे खरं. भाजीवाल्याकडेही स्कॅनर आला. पण नोटबंदीच्या वेळी देशात सुमारे १७.७ लाख कोटींच्या नोटा होत्या, त्या आता दुपटीहून जास्त झाल्या आहेत. शिवाय २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटाही मिळाल्या पाहिजेत असं सांगितलं. तेवढ्याच रकमेला नोटा जास्त लागतात, कॅसेट लवकर रिकामी होते. दुसरं काम एटीएमबाहेरचं आहे. पेट्रोल पंप, दवाखाने, मोठी दुकानं ह्यांचा गल्ला रोज उचलून बँकेत भरायचा. निपाणी-संकेश्वर हायवेवरचे पंप डोळ्यांपुढे आणा. बँकांनी हे काम बाहेर दिलं आहे आणि ते परत स्वतःकडे घेतील असं मला दिसत नाही. आता हे तीस वर्षं टिकेल का, ह्याची चिंता तुमच्या मुलाला करायची नाही. त्याला दोन वर्षंच काढायची आहेत.

आपल्या भागाची एक अडचण वेगळी आहे. चंदगडची माणसं बाजाराला बेळगावला येतात, आपली माणसं कामाला कोल्हापूरला जातात, शिनोळी ओलांडली कधी ते कळतही नाही. पण सुरक्षा एजन्सीचा परवाना राज्यागणिक वेगळा, आणि बंदुकीच्या लायसनवर ते कुठवर चालतं हे लिहिलेलं असतं. यजमानांच्या लायसनवर फक्त कर्नाटक असेल तर सीमेपलीकडच्या फेरीला त्यांनी साफ नाही म्हणावं. निवडणुकीच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली की रक्कम कुठल्या बँकेची, कुठं चालली, कागद कुठे, हे सगळं कन्नडमध्ये विचारतात. मुलाचं शिक्षण मराठी माध्यमातलं असेल तर बोलण्यापुरतं आणि पावती वाचण्यापुरतं कन्नड त्यानं शिकून घ्यावं. सीमाप्रश्नावर आपलं मत काय ते आपल्यापाशी. पण पन्नास लाख घेऊन उभ्या असलेल्या माणसाला समोरचा काय विचारतोय ते कळलंच पाहिजे.

दोन वर्षांत करायचं काय? पहिल्या वर्षी गाडी. दुसऱ्या वर्षी आत शिरायचं. व्हॉल्ट, नाहीतर रिकॉन. रिकॉन म्हणजे मशीन, बँक आणि एजन्सी ह्यांच्या आकड्यांचा रोजचा ताळमेळ. बी.कॉम.वाल्याची जागा तिथं आहे. एक्सेलवर हात बसवू दे, आतल्या साहेबाला संध्याकाळी अर्धा तास मदत करू दे, जागा रिकामी झाली की त्याचंच नाव पुढे येईल. आणि बँकेच्या परीक्षा सोडायच्या नाहीत. बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कच्या जागांना ज्या राज्यातून अर्ज करतो तिथली भाषा यावी लागते, आणि वयाची अट साधारण २८ पर्यंत. दहावीला मराठी होतं त्यानं महाराष्ट्राच्या जागांसाठी अर्ज करावा. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी पोरांना शेवटच्या तारखेनंतर समजते. एकदा थोडक्यात गेला म्हणता, म्हणजे तयारी आहे. वर्षभर नोटा हाताळलेला मुलगा काउंटरवर बसायला कमी पडणार नाही.

एक राहिलं. पत्राच्या शेवटी तुम्ही यजमानांची गाडी कुठल्या वारी खानापूरच्या बाजूला असते आणि किती वाजता परत फिरते, ते लिहिलं होतं. ती दोन वाक्यं मी इथं घेतलेली नाहीत, आणि तो कागदही फाडून टाकला. हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणजे घरात बोललं जातं, आणि घरात बोललं जातं म्हणजे शेजारीही ऐकतात. यजमानांना रागावू नका, पण आजपासून तो विषय बंद. मुलगा रुजू झाला तर त्यालाही ‘आज कुठं गेला होतास’ असं विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.