करंडा तुमच्या हातात होता

प्रश्न : आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. थोरले दीर तीन वर्षांपूर्वी वारले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनीच कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं. बायका यायला लागल्या तसं सासूबाईंच्या सांगण्यावरून मी त्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं. त्या मुकाट्याने गेल्या. आता मिस्टर आणि सासूबाई म्हणतात, विधवेला मोह कशाला, तिने घरातला हिस्सा सोडावा, शास्त्रही तेच सांगतं. सासरे हयात नाहीत, घर दोघा भावांच्या नावावर आहे. मला झोप लागत नाही. पण धर्मापुढे मी काय बोलणार? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, झोप लागत नाही म्हणता, म्हणून स्पष्टच लिहिते. जाऊबाईंना आत जायला तुम्ही सांगितलंत. सासूबाईंचा हुकूम होता, शास्त्राचं नावही निघालं, पण कुंकवाचा करंडा तुमच्या हातात होता. त्यांनी वाटलेली डाळ बाहेर तुम्ही वाढलीत, आणि त्या दाराआड बसून राहिल्या.

सासूबाईंनीही सासरे गेल्यावर हेच सोसलं असणार. त्यांचं दुःख मला कळतं. पण आपण जे गिळलं ते सुनेनेही गिळावं, ही सक्ती त्यातून कशी येते?

आपल्या बडोद्याचंच घ्या. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. महाराज त्यांच्या बाजूचे. तरी कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने कागद लांबूनच टाकत, आणि राहायला जागा मिळेना म्हणून डॉक्टरांना कमाटी बागेत रडत बसावं लागलं. शिपायांनीही धर्माचंच नाव सांगितलं असतं. कागद हातात द्यायचा की फेकायचा, हे मात्र ज्याचं त्याने ठरवलं.

आणि धर्माचंच बोलायचं तर अहिल्याबाई होळकरांना १७५४ मध्ये वैधव्य आलं. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये त्यांनीच पुन्हा बांधलं. तुमच्या घरातलं जे कोणी काशीला गेलं असेल, ते एका विधवेने उभारलेल्या देवळातच हात जोडून आलं. मीही दर चैत्रात गौर मांडते, म्हणूनच देवीसमोरून एका बाईला उठवलेलं वाचून मला फार राग आला.

आता हिश्श्याचं. दिरांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या निम्म्या घरावर बायको, मुलं आणि आई यांचा सारखा हक्क आहे. सासूबाईंचा वाटा आहेच, पण जाऊबाईंचाही तेवढाच. उद्या त्यांनी दुसरं लग्न केलं तरी तो जात नाही. मात्र हक्क सोडल्याचा दस्त एकदा सब-रजिस्ट्रारकडे नोंदला की तो रद्द करून घेणं फार अवघड. त्यांनी मोह सोडला की तो वाटा कोणाकडे येणार? तुमच्या मिस्टरांकडे, पुढे तुमच्या मुलांकडे. शास्त्राची आठवण नेमकी इथेच का झाली, हे मिस्टरांना विचारा. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हीही त्यात वाटेकरी.

जाऊबाई एकट्या असतील तेव्हा त्यांच्याकडे जा आणि माफी मागा. ‘सासूबाई म्हणाल्या म्हणून’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. पुढच्या हळदीकुंकवाला जाऊबाई आणि सासूबाई दोघींनाही बोलवा, पण यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या; चारचौघींत जबरदस्तीने कुंकू लावून त्यांचा तमाशा करू नका. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा म्हणावं. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दमदाटी झाली तर १८१ अभयम या महिला हेल्पलाइनला फोन करा, तुम्ही स्वतः करा.

आणि मिस्टरांना आजच सांगा, वहिनींचा वाटा मला नको. ते चिडतील. घरात काही दिवस अबोला राहील. तो सोसा.