सासऱ्यांचे तीन गुलाब

प्रश्न: तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी ताराबाई पार्कातल्या आमच्या घराभोवती गुलाब लावले. पत्र्याच्या पाट्यांवरची नावं गंजून गेलीत. एका झाडाला पूर्वी गर्द लाल, मोठं फूल यायचं. आता वर्षातून एकदाच बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात. दुसऱ्याचं फूल उन्हाळ्यात लाल काठाचं, पावसाळ्यात दुधी, वास मात्र सुरेख. तिसऱ्याला तर पहिल्यापासून हिरवीच फुलं! माळीदादा म्हणतात, रोगट आहे, उपटू या. ही कुठली वाणं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी माळीदादांच्या हातातलं खुरपं काढून घ्या.

पहिल्या झाडाचं नाव शोधत बसू नका, त्याच्या बुडाशी बसा. माती चार बोटं उकरलीत की डोळा भरल्याची, म्हणजे रानटी गुलाबाच्या बुंध्यावर हव्या गुलाबाचा कोंब बसवल्याची, गाठ दिसेल. पांढऱ्या फुलांची फांदी गाठीच्या खालून आली असेल, तर तो सासऱ्यांचा गुलाब नव्हेच, तो खुंट, म्हणजे खालचं रानटी झाड. कलम मेलं आणि खुंटानं घर बळकावलं. पानाच्या देठाशी बारीक झालर दिसली तर तो बहुधा मल्टिफ्लोरा, खुंटासाठी वापरतात तो रानगुलाब. ‘एका देठावर सात पानं म्हणजे खुंट, पाच म्हणजे कलम’ हा हिशेब सगळीकडे सांगतात, पण त्यावर विसंबू नका; चांगल्या कलमी गुलाबांनाही सात पानं येतात. खरी खूण एकच, फांदी कुठून फुटली. मी स्वतः दोन वर्षं अशाच एका खुंटाला ‘नवीन जात’ म्हणून खतपाणी घातलं, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं. शेवटी एका म्हाताऱ्या माळीबुवांनी न बोलता नुसती माती बाजूला सारली. लई लाज वाटली.

गाठीच्या वर एखादी जिवंत काडी उरली असेल तर सासऱ्यांचा लाल गुलाब अजून हाती लागेल. ती काडी जपा आणि थंडीत तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर भरून घ्या. मूळ झाडावरची खुंटफूट कात्रीनं छाटू नका, तिथून आणखी चार फुटतात. जिथून निघाली तिथूनच ओढून उपटा. वर काहीच जिवंत नसेल, तर तो लाल गुलाब गेला असं समजा. खुंट दणकट असेल तर त्यावर दुसरा एखादा डोळा भरता येईल.

दुसरा बहुतेक ‘डबल डिलाइट’, 1977 सालचा अमेरिकन गुलाब. त्याचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो, म्हणून आपल्याकडच्या आषाढात तो पांढराफटक पडतो. वासावरून खात्री करायची तर सकाळी, फूल अर्धवट उमललेलं असताना करा.

तिसरा ‘व्हिरिडिफ्लोरा’, चिनी गुलाबाचं जुनं रूप. ज्यांना तुम्ही पाकळ्या म्हणता ती फूल झाकणारी हिरवी दलं आहेत. खऱ्या पाकळ्या त्याला येतच नाहीत. रोग नव्हे, जातच तशी. वेगळी गोष्ट अशी की एरवी गुलाबी फुलणाऱ्या झाडाला अचानक एखादं हिरवं फूल आलं, तर कडक उन्हाळ्याचा ताण किंवा दुखणं शोधावं लागतं. तुमच्याकडे पहिल्यापासून हिरवीच येतात, तेव्हा काळजी नको.

ओळख पटली की पाटी मात्र पुन्हा पत्र्याची करू नका. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं नाव कोरा, तांब्याच्या तारेनं फांदीला सैल बांधा. आपल्या पावसात शाई टिकत नाही.