खेळाला कला म्हणता येईल का? मुलीने जिम्नॅस्टिक्स आणि चित्रकला यांतलं एकच काही निवडावं का?

आमच्या घरात हा वाद वीस वर्षं चालू आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. मी जिम्नॅस्ट होते, थोरला भाऊ चित्रकार. त्याच्या मते मी करायचे ती कसरत. कलेशी तिचा संबंध नाही.

माझी स्पर्धा बघायला तो एकदाच आला, मांडीवर स्केचबुक घेऊन. बीम म्हणजे आम्ही जिच्यावर तोल सांभाळत कसरत करतो ती आडवी पट्टी, १० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. एका पायावरची गिरकी संपता संपता माझा तोल गेला. एक हात वर, दुसरा कुठेतरी मागे, कंबरेतून वाकडी झालेली मी आणि मोकळा पाय हवेत. पडले नाही, पण अर्धा गुण गेला. दादाने अख्ख्या दीड मिनिटातला नेमका तोच क्षण काढला. वर म्हणाला, "तेवढंच खरं होतं, बाकी सगळं पाठ केलेलं."

पाठ केलेलं म्हणे! मग गायक रियाज कशाला करतात? ती गिरकी सहज दिसावी म्हणून घोट्याला पट्टी बांधून हजारदा मारलेली असते. लागलेला दम दिसू द्यायचा नाही, हेच तर आमचं काम.

मी त्याला ऑलिम्पिकचा दाखला दिला. १९१२ ते १९४८ तिथे चित्रं, शिल्पं, साहित्य, संगीत आणि वास्तुकलेलाही पदकं होती. १८९६ मध्ये पोहण्यात दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशला १९२४ मध्ये स्टेडियमच्या आराखड्यासाठी रौप्य मिळालं. दादा हसला. म्हणाला, "आणि १९१२ चं साहित्याचं सुवर्ण कुणाला? ज्याने ऑलिम्पिक पुन्हा सुरू केलं त्या कुबेर्तँलाच, तेही टोपणनावाने!" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मुलीचं म्हणाल तर दोन्ही करू द्या. आठवड्याचे तास कसे बसवायचे ते तुमचं तुम्ही बघा. फक्त चित्रकलेच्या सरांना एकदा विचारा, उडी मारणारं शरीर ते कधी जवळून बघतात का. न बघता काढणारेच जास्त, आणि तेच आम्हाला कला शिकवायला येतात.

हां, हे सगळं पंच गुण देतात त्या खेळांपुरतं. शर्यतीत दिसण्याला कोण विचारतो? चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू झातोपेक तोंड वेडंवाकडं करत धावायचा आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत तीन सुवर्णपदकं घेऊन गेला.

ते स्केच दादाने फ्रेम करून लावलंय. बघायला येणारे वाहवा करतात. त्यात हवेतल्या पायाची बोटं सैल काढली आहेत. माझी ताणलेली होती.