आयटी सपोर्टवाला बदलायचा आहे, ऑफिसचं काम बंद न पडता कसं करायचं?

तुमचा प्रश्न वाचला. पंधरा-वीस कॉम्प्युटर, एका मशीनवर टॅली, कंपनीचे मेल, आणि जुना एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला आयटीवाला) फोनच उचलत नाही म्हणून पुढच्या महिन्यापासून दुसरा लावायचाय. मी भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स आणि ॲडमिन बघते, आयटीवाली नाही, पण आमच्याकडे हा बदल झाला तेव्हा सगळं माझ्याच गळ्यात होतं म्हणून लिहिते.

नवीन वेंडर कोण चांगला, कोणाचा रेट कमी, यात लोक महिना घालवतात. ते नंतर बघा हो. आधी हे बघा की तुमच्या कंपनीच्या किती गोष्टी जुन्याच्या नावावर किंवा त्याच्या मोबाईलवर आहेत. आणि हे नोटीस द्यायच्या आधी, संबंध बरे आहेत तोवर. "ऑडिटरने यादी मागितलीय" म्हटलं की कोणी फार प्रश्न विचारत नाही.

सगळ्यात पहिलं डोमेन, म्हणजे तुमच्या वेबसाईटचं आणि मेल आयडीत @ नंतर येणारं नाव. बऱ्याच छोट्या कंपन्यांत वेबसाईट बनवताना कुणीतरी पोरगा आला, त्याने स्वतःच्या जीमेलवरून डोमेन घेतलं, दरवर्षी त्याचं बिल येतं आणि आपण भरतो, आणि आपल्याला वाटतं डोमेन आपलं. रजिस्ट्रार (जिच्याकडून डोमेन घेतलं ती कंपनी) मात्र ज्याच्या नावावर अकाउंट आहे त्यालाच ओळखतो, बिलं तुम्ही भरलीत याने पटकन काही होत नाही. आणि डोमेन गेलं की वेबसाईट जाऊ दे, मेल जातात, कस्टमरच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) ज्या आयडीवर येतात तो आयडीच बंद. म्हणून डोमेन कुठे रजिस्टर आहे, एक्स्पायरी कधी, लॉगिन कोणाचं हे आज बघा. रजिस्ट्रार बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका, डॉट कॉमला एकदा ट्रान्सफर झालं की नेहमीप्रमाणे पुढचे ६० दिवस परत दुसरीकडे नेता येत नाही, उगाच अडकून पडाल. त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने अकाउंट काढायचं आणि डोमेन त्यात सरकवून घ्यायचं, एवढं पुरतं.

मग मेल. गुगल असेल तर सुपर ॲडमिन कोण, मायक्रोसॉफ्ट असेल तर ग्लोबल ॲडमिन कोण (म्हणजे सगळ्यांचे मेल आयडी ज्याच्या हातात असतात तो) ते बघा आणि मालकांच्या नावाने एक ॲडमिन आयडी करून घ्या, जुन्याचा लगेच काढू नका. रिकव्हरी मोबाईल नंबर पण बघा, नाहीतर पासवर्ड तुमच्याकडे आणि ओटीपी त्याच्याकडे असा प्रकार होतो. लायसन त्याच्यामार्फत घेतलेली असतील तर ती नवीन वेंडरकडे ट्रान्सफर करावी लागतात, गुगलमध्ये त्यासाठी ॲडमिनमधून ट्रान्सफर टोकन (एक कोड) काढून नवीनला द्यायचं असतं. हे झाल्याशिवाय जुन्याचं बिलिंग तोडू नका, लायसन सस्पेंड झालं की सगळ्यांचे मेल एकदम थांबतात.

टॅलीचं लायसन पण एका ईमेल आयडीला जोडलेलं असतं, तो आयडी वेंडरचा निघाला तर बदलून घ्या. मशीन बदलायची वेळ आलीच तर जुन्या मशीनवरून लायसन सरेंडर करून मग नवीनवर चालू करायचं, हा क्रम चुकवू नका.

बाकीचं पटापट सांगते. फायरवॉल (ऑफिसच्या इंटरनेटवर पहारा ठेवणारा डबा) बऱ्याचदा जुन्याच्याच पोर्टल अकाउंटला रजिस्टर असतो, रिन्यूअलला अडतं. ऑफिसचे अँटीव्हायरस बऱ्याचदा पासवर्डशिवाय अनइन्स्टॉलच होत नाहीत, तो पासवर्ड घ्या. सीसीटीव्हीचं ॲप कोणाकोणाच्या मोबाईलवर आहे बघा (हे आमच्या मालकांना सगळ्यात जास्त झोंबलं). नवीन विंडोज ११ चे लॅपटॉप बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेले (आतला डेटा कुलूपबंद) असतात आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की सेटअप करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरलं त्याच्याकडे असते, एखाद दिवशी लॅपटॉपने ती मागितली आणि तो माणूस नसेल तर डेटावर पाणी सोडायचं.

आता तारीख. इथे सगळे १ तारीख धरतात कारण बिल सोपं पडतं, पण अकाउंट्सवाल्याला विचारा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (जीएसटीचंच दुसरं रिटर्न), आणि शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचची मारामारी. टर्नओव्हर पाच कोटीच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) पण आहे, इंटरनेट किंवा टॅली बसलं की बिल नाही, ई-वे बिल नाही आणि माल भरलेली गाडी गेटवर उभी. म्हणून २० नंतर जी पहिली साप्ताहिक सुट्टी येईल तो दिवस धरा. आमच्याकडे भोसरीत गुरुवार सुट्टीचा, तोच धरला. मार्च-एप्रिलमध्ये तर हात पण लावू नका.

त्याच्या आधी निदान दोन-तीन आठवडे दोघं एकत्र असू द्या, म्हणजे जुन्याचे पैसे चालू आणि नवीनने येऊन नुसतं बघायचं, लिहून घ्यायचं, कुठली वायर कुठे जाते, प्रिंटरला कुठला आयपी (नेटवर्कमधला नंबर) दिलाय. दोन्हीकडे पैसे जातात म्हणून मालक कुरकुरतील, कुरकुरू दे. या काळात नवीनकडून एक काम मात्र करूनच घ्या, कालचा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कालचं शेवटचं व्हाउचर दिसतंय का ते दाखवायला सांगा. "बॅकअप रोज होतोय" हे वाक्य सगळेच म्हणतात, आणि तो बॅकअप वेंडरच्या पर्सनल ड्राइव्हवर जात असेल तर तेही तेव्हाच कळतं.

नवीन माणूस आल्या आल्या म्हणेल फायरवॉल बदला, सर्व्हर क्लाउडवर टाका, अँटीव्हायरस फालतू आहे. असेलही. पण तीन महिने नाही म्हणा. माणूस आणि सिस्टीम एकाच वेळी बदलली की प्रॉब्लेम कोणामुळे आला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

सुट्टीच्या दिवशी पासवर्ड बदला, एनीडेस्क किंवा जे काय रिमोटचं असेल ते प्रत्येक मशीनवरून काढा, व्हीपीएनचे (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सोयीचे) जुने युजर उडवा, वायफायचा पासवर्ड बदला. फक्त सर्व्हरचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड बदलायच्या आधी तो कुठेकुठे टाकलाय ते शोधा, कारण झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये येणं बंद होतं ते लगेच कळतं, पण रात्रीचा बॅकअप गुपचूप फेल व्हायला लागला तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बॅकअपचा लॉग बघा, मग चहा.

जुन्याचे पैसे अडवून ठेवू नका, काय भांडण असेल ते असेल. आतापर्यंतची बाकी सगळी देऊन टाका, फक्त शेवटच्या महिन्याचं बिल हँडओव्हरच्या यादीवर सही झाली की देऊ असं आधीच मेलवर लिहून ठेवा. आणि नवीनच्या ॲग्रीमेंटमध्ये दोन ओळी घाला, सगळी अकाउंट कंपनीच्या ईमेल आयडीवरच काढायची, आणि पासवर्डची यादी दर तीन महिन्यांनी अपडेट करून मालकांकडे द्यायची. यावर जो वेंडर का-कू करेल त्याला घेऊच नका.