वाचकांचे प्रश्न : ख्रिस्तजन्माचे गोठे

प्रश्न : घरात येशूजन्माचा देखावा मांडायचे, मूर्तींचे वीसेक गोठे जमले आहेत. ही भक्ती की नुसती हौस? सगळे एकदम मांडावेत का?

उत्तर : एकदम वीस मांडले की नजर मूर्ती मोजत राहते, प्रार्थना बाजूलाच राहते. दरवर्षी दोन-तीनच काढा. त्यांतला एक मुख्य ठेवा, त्याच्यापुढे गुडघे टेकायला जागा हवी. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांत, त्याची गव्हाण रिकामी ठेवा, बाळ येशू 24 डिसेंबरच्या रात्री ठेवा. मागी, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, लांब कोपऱ्यातून रोज थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला गोठ्यापाशी आणा. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो इथे मांडलेल्या गोठ्यात मूर्ती नव्हत्याच. गवत भरलेली गव्हाण, जिवंत बैल आणि गाढव एवढेच होते, आणि त्या गव्हाणीपाशी मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) झाली. म्हणून महागड्या संचांच्या शेजारी नुसत्या गव्हाणीचा एखादा साधा गोठाही संग्रहात असावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : प्लास्टरच्या मूर्ती वर्षभराने उघडल्या तर रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली पांढरी भुकटी. काय चुकले?

उत्तर : बहुतेक वेळा ओल कोंडलेली असते. प्लास्टर ओल शोषते आणि पाण्यात किंचित विरघळतेही. वरच्या रंगाची पकड सुटते ती तिथूनच. ओल्या फडक्याने पुसणे आणि पुसल्या पुसल्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करणे, ही नेहमीची दोन कारणे.

आता त्या मूर्ती सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर उघड्या ठेवा. उन्हात किंवा हीटरजवळ नको. मग मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा. सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यांना ब्रश लावू नका.

गुंडाळायला आम्लविरहित पांढरा पातळ कागद घ्या, त्यावर धुऊन खळ काढलेला मांजरपाट. कापड थेट मूर्तीला लावले तर त्याचे धागे बोटांत आणि पंखांत अडकतात. वर्तमानपत्राची शाई लागते, फुगे असलेल्या प्लास्टिकचे गोल ठसे रंगावर उमटतात. मान आणि मनगट या नाजूक जागा; त्यांच्या भोवतीची पोकळी कागदाच्या गुंडाळीने भरा, पण दाब मूर्तीच्या धडावरच येऊ द्या. जड मूर्ती खाली, देवदूत सर्वांत वर. खोका जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळोवेळी बदला. ओल शोषून भरलेली पुडी काही कामाची नाही.

प्रश्न : आशीर्वाद दिलेल्या बाळ येशूची मूर्ती फुटली. कचऱ्यात टाकावी का?

उत्तर : नाही. आधी जुळते का बघा. स्वच्छ तुटलेल्या प्लास्टरला पांढरा गोंद पुरतो. झटपट चिकटणारा गोंद नको, कारण तिरपा जोड मग सोडवता येत नाही. जुळण्यापलीकडे असेल तर मूर्ती कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी पुरावी. लाकडाची असल्यास जाळून राख पुरली तरी चालते.